न दिसलेल्या प्राण्याचा हिशोब: वन्यजीव आणि संवर्धन जीवशास्त्र शिकताना नेमकं काय शिकतात?

वन्यजीवशास्त्राला प्रवेश घेतला असं सांगितलं की समोरचा माणूस विचारतो, "म्हणजे आता जंगलातच राहायचं का?" त्यामागून दुसरा प्रश्न येतो, "भीती नाही वाटत?" प्रश्न आपुलकीचेच असतात, पण त्यांत विषयाचं चित्र अर्धंच उतरतं. प्राणी समोर येण्याचे क्षण या शिक्षणात येतात आणि ते जन्मभर पुरतात. मात्र विद्यापीठातली वर्षं खरी खर्च होतात ती न दिसलेल्या प्राण्यांचा हिशोब मांडण्यात. जो दिसला तो किती जणांपैकी एक? जो दिसला नाही तो तिथे नाहीच, की असून नजरेला पडला नाही? कमी झाले म्हणता, ते कशावरून? सगळा अभ्यासक्रम या तीन प्रश्नांभोवती फिरतो असं माझं मत आहे, म्हणून विषयही त्याच वाटेने समजावून सांगतो.

सुरुवात मण्यांपासून करू. हे प्रात्यक्षिक कुठल्याही वर्गात करता येतं. पिशवीत पांढरे मणी आहेत, किती ते फक्त शिकवणाऱ्याला माहीत. विद्यार्थ्याने मूठभर काढायचे. समजा ४० निघाले. प्रत्येकाला लाल ठिपका द्यायचा, परत पिशवीत टाकायचे, चांगलं ढवळायचं. मग पुन्हा काढायचे, या वेळी ५०. त्यांतल्या ८ मण्यांवर ठिपका सापडला. आता साधं त्रैराशिक. पन्नासात आठ ठिपकेवाले, म्हणजे पिशवीतही साधारण तेच प्रमाण असणार. एकूण ठिपकेवाले तर ४० आहेत, कारण ठिपके आपणच दिले. ४० गुणिले ५० भागिले ८, उत्तर २५०. पिशवी रिकामी न करता आतल्या मण्यांचा अंदाज आला. पिशवी ओतून मोजल्यावर २४० किंवा २६५ निघतात तेव्हा वर्गात गलका होतो, आणि अंदाज किती चुकू शकतो याची पहिली चर्चा तिथेच सुरू होते.

युक्ती जुनी आहे. फ्रान्सची लोकसंख्या काढण्यासाठी लाप्लास या गणितज्ञाने १८०२ साली याच धर्तीची मांडणी केली होती. डेन्मार्कच्या पीटर्सनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला माशांना खुणा करून सोडलं. अमेरिकेत फ्रेडरिक लिंकनने १९३० साली बदकांच्या पायांतली कडी शिकाऱ्यांकडून किती परत येतात यावरून बदकांची संख्या काढली. आजही पाठ्यपुस्तकात ही रीत लिंकन–पीटर्सन याच नावाने येते.

मणी मुकाट्याने पिशवीत बसतात, बेडूक बसत नाहीत. पिशवीऐवजी तळं आलं की गणितामागची गृहीतकं एकेक करून मान टाकायला लागतात. दोन खेपांच्या मधे काही बेडूक मेले, काही नवे आले. काहींची खूण पुसली गेली. आणि सगळ्यांत त्रासदायक म्हणजे सगळे प्राणी सारख्या सहजतेने हाती लागत नाहीत. एखाद्या उंदराला पिंजऱ्यातलं आमिष आवडतं, तो सोकावतो, रोज येऊन बसतो. मग दुसऱ्या खेपेत खूण केलेले जास्त सापडतात आणि आपला अंदाज खऱ्या संख्येपेक्षा कमी येतो. दुसरा उंदीर एकदा अडकल्यावर पिंजऱ्याच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. त्याच्यामुळे अंदाज फुगतो. प्राणी तेवढेच, पण स्वभावामुळे उत्तर बदललं. इथे विद्यार्थ्याला पहिल्यांदा जाणवतं की प्राण्याच्या वागण्याचा अभ्यास आणि संख्याशास्त्र हे दोन वेगळे पेपर असले तरी विषय एकच आहे.

याच्या पुढची पायरी मला फार महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्यावर थोडा जास्त वेळ घेतो. समजा एक लाजरा पक्षी आहे. तो एखाद्या ठिकाणी असला तरी आपल्या एका फेरीत त्याचा आवाज ऐकू येण्याची शक्यता दहात चार. तीन वेगवेगळ्या दिवशी आपण तिथे गेलो आणि तिन्ही वेळा काहीच कानावर आलं नाही. पक्षी नाही असं लिहायचं का? हिशोब करा. एका फेरीत तो चुकण्याची शक्यता ०.६, तिन्ही फेऱ्यांत चुकण्याची ०.६ चा घन, म्हणजे ०.२१६. तो पक्षी खरोखर असलेल्या शंभर ठिकाणी आपण गेलो असतो, तर त्यांतल्या एकवीस-बावीस ठिकाणांपुढे आपण 'नाही' अशी नोंद केली असती. एवढी मेहनत करून पाचातलं एक उत्तर चुकीचं.

आता यातला खरा धोका बघा. विरळ झाडीत तो पक्षी सहज ऐकू येतो, दाट झाडीत आवाज अडतो. दोन्हीकडे पक्षी सारखेच असले तरी आपल्या वहीत विरळ झाडी श्रीमंत दिसेल आणि दाट झाडी ओसाड. किंवा पहिल्या वर्षी पाहणी करणारे जाणकार होते, पाचव्या वर्षी नवखी मुलं गेली. आकडा घसरला. पक्षी कमी झाले की कान कच्चे होते? हा फरक ओळखता आला नाही तर एखाद्या जंगलाबद्दलचा निर्णय चुकतो, आणि तोडलेलं जंगल फेरविचार करून परत आणता येत नाही. २००२ पासून या दोन शक्यता गणिताने वेगळ्या काढण्याच्या पद्धती रुळल्या आहेत. एकाच ठिकाणी पुन्हापुन्हा जायचं आणि 'दिसला–नाही–नाही–दिसला' अशा नोंदींच्या क्रमावरून दिसण्याची शक्यता आणि असण्याची शक्यता या दोन्ही एकाच वेळी काढायच्या. पदव्युत्तर वर्गात आज हे शिकवतातच, आणि ज्या वर्गात शिकवत नसतील तिथे ते का शिकवत नाहीत हे प्रवेशाआधी विचारावं.

वाघाच्या पट्ट्यांमुळे हेच काम एका बाबतीत सोपं झालं. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, त्यामुळे ठिपका द्यायची गरजच नाही, निसर्गाने तो आधीच दिलेला आहे. वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावले की डाव्या आणि उजव्या दोन्ही कुशींचे फोटो मिळतात, आणि मण्यांचं गणित वाघाला लावता येतं. उल्हास कारंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत वाघांसाठी उभी केली. आधी पावलांच्या ठशांवरून वाघ मोजायचे. त्यात एका वाघाचे ठसे ओल्या मातीत एक आणि कोरड्या धुळीत दुसरेच दिसायचे.

कॅमेऱ्यांचं नाव काढलं की डोळ्यांपुढे वाघ-बिबट्याचे फोटो येतात. प्रत्यक्षात मेमरी कार्ड उघडल्यावर काय असतं? गवत. वाऱ्याने हललेलं गवत, उन्हाने तापलेलं पान, तेच गवत पुन्हा, मग एका गुराचं शेपूट, मग पुन्हा चारशे वेळा गवत. विद्यार्थी संगणकापुढे बसून एकेक फोटोला नाव देतो: रिकामा, रिकामा, रिकामा, माणूस, रिकामा, साळिंदर. हल्ली हे चाळण्याचं काम बरंचसं संगणक करतो, तरी तो कुठे फसला हे माणसालाच तपासावं लागतं. मला या कामाबद्दल मनापासून आदर आहे. त्या रिकाम्या फोटोंमुळेच कळतं की कॅमेरा त्या रात्री चालू होता, जागा होता, आणि तरीही कुणी आलं नाही.

आता नावांचा गोंधळ सोडवू. वन्यजीवशास्त्र आणि संवर्धन जीवशास्त्र ही सख्खी भावंडं, पण जन्म वेगळ्या घरांत झाला. पहिल्याची मुळं शिकारीच्या व्यवस्थापनात आहेत. किती हरणं मारली तर पुढच्या वर्षी तेवढीच शिल्लक राहतील, असा तो मूळचा प्रश्न. १९३३ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात आल्डो लिओपोल्ड यांच्यासाठी या विषयाचं प्राध्यापकपद निर्माण झालं, तिथून तो विद्यापीठात रुजला. दुसरं भावंड बरंच धाकटं. मायकेल सूले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली सॅन डिएगोला परिषद घेतली आणि १९८५ साली सूले यांनी या शास्त्राची व्याख्या मांडली. त्यांचं म्हणणं असं की शरीरक्रियाशास्त्राशी शल्यचिकित्सेचं जे नातं तेच जीवशास्त्राशी संवर्धनाचं. रुग्ण टेबलावर आहे, सगळ्या चाचण्यांचे निकाल यायचेत, पण हात आत्ताच घालावा लागणार. अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्यायची ही सक्ती या विषयाला इतर जीवशास्त्रापासून वेगळं करते. आज बहुतेक विद्यापीठांत दोन्ही एकाच विभागात शिकवतात.

सक्ती असली तरी अंदाधुंद चालत नाही, कारण घाईत चांगल्या हेतूने केलेलं काम फुकट जाऊ शकतं. समुद्री कासवांचं उदाहरण घ्या. लॉगरहेड कासव वाचवायचं म्हटलं की डोक्यात पहिल्यांदा येतात किनाऱ्यावरची अंडी. ती दिसतात, राखता येतात, पिल्लं समुद्राकडे धावताना डोळ्यांत पाणी येतं. १९८७ साली डेबोरा क्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कासवाच्या आयुष्याचे टप्पे पाडले: अंडी-पिल्लं, लहान किशोर, मोठी किशोर, प्रौढ. प्रत्येक टप्प्यात किती जगतात आणि किती पुढच्या टप्प्यात जातात हे एका चौकटीत मांडलं. मग एकेक आकडा थोडा हलवून पाहिलं, की एकूण संख्येवर कशाचा परिणाम जास्त होतो. अंड्यांचा आकडा हलवला तर संख्या फारशी हलेना. सगळ्यांत जास्त हलली ती किशोरवयीन कासवं जगण्याचा आकडा बदलल्यावर. ही कासवं मरत होती कुठे? कोळंबीच्या जाळ्यांत गुदमरून, किनाऱ्यापासून दूर, कुणाला न दिसता. म्हणून जाळ्यात कासवाला बाहेर पडायला झडप बसवण्याचं महत्त्व पटलं, आणि अमेरिकेत कोळंबीच्या बोटींना पुढे ते बंधनकारक झालं.

किनाऱ्यावर रात्रभर जागून अंडी राखणाऱ्यांचे कष्ट कमी नाहीत, आणि अंडी राखू नयेत असंही त्या गणिताने म्हटलेलं नाही. पण जिथे डोळा जातो तिथेच दुखणं असतं असं नाही. दुखण्याची जागा शोधायला विद्यार्थ्याला ती आकड्यांची चौकट मांडायला शिकवतात. बारावीपर्यंत गणित नकोसं वाटलं म्हणून जीवशास्त्राकडे आलेली मुलं इथे अडखळतात. त्यांना मी एवढंच सांगेन की घाबरून विषय सोडू नका, पण गणिताशिवाय जमेल अशा आशेवरही राहू नका. 'आर' ही संगणकाची भाषा आणि नकाशे करणारं जीआयएस, ही या क्षेत्रातली दुर्बीण आणि वही आहे. शिकायला वेळ लागतो, प्रत्येकाला लागतो.

लहान संख्येचं एक वेगळंच गणित असतं. शंभर प्राणी उरले म्हणजे शंभर उरले, असं आपल्याला वाटतं. वंश पुढे नेण्याच्या हिशोबात तसं नसतं. समजा त्या शंभरांत १० नर आणि ९० माद्या आहेत. सूत्र सोपं आहे: चार गुणिले नर गुणिले माद्या, भागिले एकूण. चार गुणिले दहा गुणिले नव्वद, भागिले शंभर: ३६. म्हणजे आनुवंशिक विविधता टिकवण्याच्या दृष्टीने हा कळप छत्तीस प्राण्यांच्या कळपासारखा वागतो, कारण पुढच्या पिढीचे सगळे बाप त्या दहांतलेच. विविधता आटली की नात्यातच संकर होतात आणि दडलेले दोष वर येतात. फ्लोरिडातले पँथर, म्हणजे प्यूमा या मोठ्या मांजराची तिथली शाखा, १९९० च्या सुमारास वीस-तीसच उरले होते. त्यांच्यात वाकड्या शेपट्या, हृदयाचे दोष, नरांमध्ये वृषण खाली न उतरणं असे प्रकार दिसू लागले. १९९५ साली टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्या, त्यांतल्या पाच जणींना पिल्लं झाली. दोष कमी झाले आणि संख्या पुढे शंभरापलीकडे गेली. त्या आठ माद्या आणाव्यात की नाही यावर भरपूर वाद झाला होता, कारण बाहेरचं रक्त आल्यावर हा पँथर 'फ्लोरिडाचा' राहील का, हा प्रश्न खोटा नव्हता.

न्यूझीलंडच्या चॅटम बेटांवरच्या काळ्या रॉबिनची गोष्ट मला याहूनही शिकवून गेली. १९८० साली हे पक्षी अवघे पाच उरले आणि त्यांत पिल्लं वाढवू शकणारी मादी एकच. तिचं नाव ओल्ड ब्लू. डॉन मर्टन आणि त्यांच्या चमूने तिची अंडी काढून शेजारच्या दुसऱ्या जातीच्या पक्ष्यांच्या घरट्यांत ठेवली, म्हणजे ती पुन्हा अंडी घालेल. तिने घातली. आज जिवंत असलेले सगळे काळे रॉबिन तिचे वंशज आहेत आणि त्यांची संख्या दोनशेच्या वर आहे. इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. पुढची कमी सांगितली जाते. काही माद्या अंडी घरट्याच्या कडेवर घालायच्या, तिथून ती वाया जायची. एकेक अंडं मोलाचं असताना माणसं ते अलगद आत सरकवून ठेवायची. कोण ठेवणार नाही? पण कडेवर अंडं घालण्याची सवय आनुवंशिक होती. निसर्गात ती आपोआप मागे पडली असती, माणसाच्या बोटाने ती तगली आणि पसरली, इतकी की एक वेळ निम्म्याहून अधिक माद्या तसं करू लागल्या. धोका लक्षात आल्यावर अंडी सरकवणं थांबवलं, आणि काही वर्षांत ती सवय बरीच ओसरली. कुणी निष्काळजी नव्हतं. त्या घडीला ते अंडं वाचवणं बरोबरच होतं. मदत कधी थांबवायची हेही अभ्यासाचा भाग आहे, हे इतक्या जवळून दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

जागेच्या प्रश्नाला थोडक्यात आवरतो. १९६७ साली रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी बेटांवरच्या जातींचा सिद्धान्त मांडला: बेट जितकं मोठं आणि मुख्य भूमीला जितकं जवळ, तितक्या जाती जास्त. शेतांनी आणि रस्त्यांनी वेढलेला जंगलाचा तुकडा हेही एक बेटच, असं धरलं की तुकडे जोडणारे पट्टे का राखायचे हे समजतं. एक मोठा तुकडा राखावा की अनेक लहान, यावर शास्त्रज्ञ कित्येक वर्षं भांडले. उत्तर प्राण्यागणिक बदलतं. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

माणसांचा भाग मात्र थोडक्यात आवरण्यासारखा नाही. भारतीय उपखंडातली गिधाडं १९९० च्या दशकात झाडांवरून मान लोंबवून पडू लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांत पंधरा-एक वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घट झाली. आधी संशय गेला रोगाच्या साथीवर, आणि जाणकार लोक विषाणू शोधत राहिले. मेलेल्या गिधाडांच्या आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे थर दिसत होते, म्हणजे मूत्रपिंडं निकामी झाली होती. २००४ साली लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या अभ्यासातून कारण दाखवून दिलं: डायक्लोफिनॅक, गुरांना दिलं जाणारं वेदनाशामक. औषध घेतलेलं जनावर मेलं, गिधाडांनी ते खाल्लं, आणि त्यांची मूत्रपिंडं गेली. शंभरात एकाहूनही कमी मृत जनावरांत हे औषध असलं तरी एवढी घट होऊ शकते हे गणिताने दाखवलं, कारण एका जनावरावर कितीतरी गिधाडं एकदम उतरतात. २००६ साली भारत, नेपाळ आणि पाकिस्तानने या औषधाचा जनावरांसाठीचा वापर थांबवण्याची पावलं उचलली, आणि मेलोक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारं औषध पर्याय म्हणून पुढे आलं.

या एका प्रकरणात किती जण लागले ते मोजा. पक्षी मोजणारे, शवविच्छेदन करणारे, औषधशास्त्र जाणणारे, गणित मांडणारे, कायदा लिहिणारे, आणि गुराखी व पशुवैद्यांशी बसून बोलणारे. पशुपालकाने ते औषध आपल्या जनावराचं दुखणं कमी व्हावं म्हणून दिलं होतं. त्याच्याशी गुन्हेगारासारखं वागणारा संवर्धक एक पाऊल पुढे जाऊ शकला नसता. म्हणून चांगल्या अभ्यासक्रमात समाजशास्त्र असतं: मुलाखत कशी घ्यावी, प्रश्नात उत्तर दडवू नये, जमीन कुणाची आणि हक्क कुणाचा. जगभरात कित्येक राखीव जंगलं तिथल्या माणसांना हुसकावून उभी राहिली आहेत. हा इतिहास न शिकता कुणी संरक्षित क्षेत्राचा आराखडा करू नये, असं माझं ठाम मत आहे. सामाईक चराई, पाणी, मासेमारी लोक स्वतःच्या नियमांनी पिढ्यानपिढ्या कशी सांभाळतात यावर एलिनोर ऑस्ट्रॉम यांनी काम केलं, त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. संवर्धनाच्या वर्गात त्यांचं नाव आता प्राणिशास्त्रज्ञांच्या बरोबरीने येतं.

कायदेही शिकावे लागतात. कोणत्या प्राण्याचा व्यापार देशाबाहेर चालेल आणि कोणत्याचा नाही हे ठरवणारा सायटिस करार १९७३ साली झाला. कोणती जात किती धोक्यात आहे हे आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत असतं, आणि त्या यादीला आकड्यांचे निकष आहेत. उदाहरणार्थ, दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत ८० टक्के घट झाली तर जात अतिसंकटग्रस्त ठरू शकते. पुन्हा मण्यांच्या पिशवीपाशी आलो. मोजणी कच्ची असेल तर ही टक्केवारी कच्ची, आणि तिच्यावर उभा राहणारा निर्णयही कच्चा.

क्षेत्रकामाबद्दल खरं ते सांगायला हवं. पहाटे उठून ठरलेल्या रेषेवर ठरलेल्या वेगाने चालायचं, प्राणी दिसला की तो रेषेपासून किती अंतरावर आणि किती कोनात आहे हे मोजायचं, आणि पेन्सिलने लिहायचं, कारण पावसात शाई फुटते. विष्ठा गोळा करून डबीवर तारीख, जागा, वेळ. प्राण्याला हात लावायचा तर परवानगी आणि नीती-समितीची मंजुरी. गळ्यातल्या कॉलरचं वजन प्राण्याच्या वजनाच्या ५ टक्क्यांहून कमी असावं हा ठोकताळा, आणि पक्ष्यांसाठी त्याहून कडक. आपल्या अभ्यासासाठी एका जिवाला भीती वाटणार आहे, ती भीती त्या माहितीच्या मोलाची आहे का, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारायला शिकवणारे शिक्षक भेटले तर ते भाग्य समजा.

नोकऱ्या थोड्या आणि इच्छुक पुष्कळ, हे आधीच माहीत असलेलं बरं. वनविभाग, संशोधन संस्था, स्वयंसेवी संस्था, पर्यावरण-परिणामांचे अहवाल करणाऱ्या कंपन्या, संग्रहालयं, अध्यापन, विज्ञानलेखन अशा वाटा आहेत. त्यांतल्या बऱ्याच तात्पुरत्या कराराच्या असतात. 'अनुभव मिळेल' म्हणून विनामोबदला राबवून घेणारे, वर विद्यार्थ्याकडूनच पैसे मागणारे प्रकल्पही असतात. त्यांना नकार देण्यात कमीपणा नाही. उलट ही पद्धत चालू राहिली तर या क्षेत्रात फक्त ऐपत असलेल्यांचीच मुलं उरतील, आणि जंगलाशेजारी वाढलेली, प्राण्यांची खडान्‌खडा माहिती असलेली मुलं बाहेर राहतील. नुकसान क्षेत्राचंच आहे.

आणखी एक गोष्ट बोलली जात नाही. ज्या जिवाचा अभ्यास करतोय तो आपल्या डोळ्यांदेखत कमी होतोय, हे वर्षानुवर्षं आकड्यांत लिहीत राहणं जड जातं. मन भरून येतं, आणि ते लपवून काम करणं म्हणजे शास्त्रीय वृत्ती असा गैरसमज मुलं करून घेतात. लपवू नका. सोबतच्यांशी, शिक्षकांशी बोला.

विद्यापीठ निवडताना इमारती आणि जाहिरातीतले वाघ पाहू नका. तिथे आत्ता शिकणाऱ्या दोन-तीन मुलांना गाठा आणि विचारा: वर्षाला क्षेत्रकामाचे दिवस किती? संख्याशास्त्र कोण शिकवतं, आणि प्राण्यांच्या आकड्यांवर शिकवतं की सगळे दाखले दुसऱ्याच विषयातले? प्रबंधाचा विषय विद्यार्थी निवडतो की हाती दिला जातो? गोळा केलेली माहिती शेवटी कुणाच्या नावावर जाते? क्षेत्रकामात कुणी आजारी पडलं, कुणाशी गैरवर्तन झालं, तर फोन कुणाला करायचा हे लिहून दिलेलं आहे का? या शेवटच्या प्रश्नावर उत्तर देणारा चाचरला तर ते ध्यानात ठेवा.

प्रवेशाला अजून वेळ असेल, तर एक काम आजपासून करता येईल. घराजवळचं एखादं झाड, डबकं किंवा गवताचा तुकडा ठरवा. महिनाभर रोज, एकाच वेळी, पंधरा मिनिटं तिथे बसा. वहीत रकाने आखा: तारीख, सुरुवातीची वेळ, ढग, वारा, आणि तुम्ही ठरवलेल्या तीन-चार जिवांसाठी एकेक रकाना. तो जीव दिसला तर संख्या लिहा. बसलात आणि दिसला नाही तर ० लिहा. त्या दिवशी गेलाच नाहीत तर रकाना कोरा सोडा. शून्य आणि कोरा रकाना यांची गल्लत एकदाही होऊ देऊ नका. महिन्याअखेरीस तुम्ही तिथे गेलात त्या दिवसांपैकी किती दिवस कोण दिसलं याचं प्रमाण काढा, आणि मग वर दिलेल्या त्या लाजऱ्या पक्ष्याच्या हिशोबात ०.४ च्या जागी तुमचा स्वतःचा आकडा घालून बघा.